तीन फेऱ्यांचा दाखला

आमच्या शाळेतल्या निम्म्या मुलांचा वाढदिवस एकाच दिवशी, म्हणजे एक जूनला येत असे. पहिलीत नाव घालायचं तर जूनमध्ये मूल पाच वर्षांचं पुरं झालेलं लागे, आणि चंदनसारच्या चाळींतून पोराचा हात धरून येणाऱ्या बायकांकडे जन्माचा कागद नसे. पोर गावी, घरातच झालेलं. ग्रामपंचायतीत जाऊन नोंद करायची असते हे सांगायला कुणी आलेलं नसे. मग ऑफिसातला क्लार्क पोराकडे नीट बघून साल ठरवी आणि पुढे एक जून घालून मोकळा होई. माझी स्वतःची जन्मतारीखही एक जूनच आहे. देशावरच्या कुठल्या तरी गुरुजींनी ती मला बहाल केली. आईने ती शेवटपर्यंत मानली नाही, पण मी रिटायर झालो तो त्याच तारखेच्या हिशेबाने.

आमच्या शाळेत ही तारीख राऊतबाई घालत.

राऊतबाई हेडक्लार्क. आगाशीच्या बाजूला त्यांची वाडी होती. केळी, पानवेली आणि कुंपणाला सोनचाफा. तिकडून एसटीने विरारला यायचं, पूल ओलांडून पूर्वेला उतरायचं आणि मग शाळेपर्यंत चालायचं, असं त्यांनी सव्वीस वर्षं केलं. टेबलावर शाईच्या रिकाम्या बाटलीत सोनचाफ्याचं एक फूल असे. ते रोज बदललेलं असे. खुर्ची मात्र त्या कधी टेबलासमोर सरळ ठेवत नसत. तिरकी करून बसत, म्हणजे दारातून कोण येतंय ते दिसावं. एरवी बोलणं स्वच्छ शाळेतलं. पण राग आला किंवा माया आली की वाडीवरचं बोलणं तोंडात येई. "कोनी सांगितला तुला? बस खाली. पानी घे," असं म्हणाल्या की आम्ही शिक्षक ओळखायचो की आत एखादा पोरगा सापडलाय.

हा पोरगा बहुतेक दाखल्यासाठी आलेला असे. शाळा सोडल्याचा दाखला. दहावीचा निकाल लागला की नापास झालेले पाच-पंचवीस जण चार-आठ दिवसांत खिडकीशी येत. दाखला म्हणजे एक फॉर्म भरायचा, सही-शिक्का करायचा, पाच मिनिटांचं काम. राऊतबाई त्याला तीन फेऱ्या लावत. पहिल्या फेरीला सांगत, "शिक्का हेडसरांच्या कपाटात आहे. परवा ये." शिक्का त्यांच्या ड्रॉवरमध्ये, सोनचाफ्याच्या कालच्या फुलाशेजारी पडलेला असे. परवा पोरगा आला की त्याला आत बोलावून स्टुलावर बसवत आणि विचारत, "सकाळी तुला कोण उठवतं?"

पोरगा गोंधळून जाई. आई, आजी, मोठी बहीण, काहीतरी सांगे. "तिला घेऊन ये मग. तिच्या हातात दाखला देते."

पालकांना बोलवा असा शाळेत नियम होता, पण राऊतबाईंचा पालक या शब्दावर विश्वास नव्हता. आमच्या भागात बाप मुंबईला नोकरीला. पहाटे जायचा, रात्री यायचा, आणि पोराला तो रविवारी दुपारी झोपलेला दिसायचा. सही त्याचीच लागे, पण पोराची त्याला काही खबर नसे. "सर, सही करणारा वेगळा आणि उठवणारा वेगळा," बाई मला म्हणत. "मला उठवणारा पाहिजे. त्याला ठाऊक असतं, पोरगं रात्री किती वाजता आलं ते."

तिसऱ्या फेरीला ती आई किंवा आजी आली की बाई अर्धा तास बोलत. ऑक्टोबरची परीक्षा, बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म, आयटीआय, कुणाच्या तरी ओळखीचं गॅरेज. मग दाखला देत. वर्तणुकीच्या रकान्यात सगळ्यांना एकच शब्द लिहीत, 'चांगली'. एकदा हेडसरांनी एका पोरासाठी 'समाधानकारक नाही' लिहा म्हणून सांगितलं. त्याने प्रयोगशाळेची काच फोडली होती. बाई म्हणाल्या, "काच बाराशेची असेल सर. हा शब्द त्याच्याबरोबर साठ वर्षं राहील." 'चांगली' असाच दाखला गेला.

आम्हाला हा सगळा खटाटोप अती वाटे. मी तरुण होतो, विज्ञान शिकवायचो, आणि दहावी नापास झालेला पोरगा माझ्या लेखी संपलेला असायचा. मी एकदा बाईंना चेष्टेने म्हणालो, "बाई, दाखला अडवून कुणी सुधारतं का?" त्या म्हणाल्या, "नाही सुधारत. पण दाखला गेला की तो कुणाचाच नाही राहत. निकालापासून दिवाळीपर्यंत हे पोरगं नाक्यावर उभं असतं. तेवढ्यात त्याला 'चहा घेतलास का' असं जो पहिला विचारेल, त्याचं ते होतं. आपण विचारलं तर आपलं."

विचारणारे पुष्कळ होते. त्या दिवसांत विरारला जमिनीचे भाव दर पंधरवड्याला चढत. एकेका जागेचे तीन-तीन मालक निघत, आणि ज्याची माणसं जागेवर बसलेली त्याचा ताबा. बसायला पोरं लागत. याला 'प्लॉटवर बसणं' म्हणत. निळी ताडपत्री, चार प्लास्टिकच्या खुर्च्या, कॅरम, दोन वेळचं जेवण. काम काहीच नाही. कुणी आलं तर उठून उभं राहायचं, एवढंच. संध्याकाळी तीच पोरं, त्यांना जागेवर बसवणाऱ्या शेठच्याच मित्रमंडळात जाऊन बसत. तिथे कुणी तरी भाऊ येऊन सांगे की तुम्ही नापास झाला नाहीत, तुमच्या जागा बाहेरच्यांनी खाल्ल्या. वालीवच्या कारखान्यांत जाऊन बघा, सगळे तेच. निम्म्या वर्गाला मी नापास केलं होतं. पण ते का नापास झाले, हे मी त्यांना इतक्या सोप्या शब्दांत कधीच समजावू शकलो नव्हतो.

संतोष मांडवकर माझ्याच वर्गातला. त्याला पहिलीत घातलं ते राऊतबाईंनी. मी तेव्हा नुकताच रुजू झालो होतो आणि फी भरायच्या पावत्या घ्यायला ऑफिसात उभा होतो. संतोषची आई रत्नागिरीकडची, अंगाने अगदी बारीक. पोराला पुढे ढकलून म्हणाली, "वालीवला प्लास्टिकच्या कंपनीत लागलंय ओ. याला ठेवू कुठं?" बाईंनी विचारलं, "कधीचा हा?" ती म्हणाली, "गौरीच्या जेवनाच्या दिशी झाला." बाईंनी ड्रॉवरमधून जुनी कॅलेंडरं काढली. त्या दर वर्षीचं कॅलेंडर जपून ठेवत, याच कामासाठी. गौरीजेवण सप्टेंबरात निघालं. पोराला पाच वर्षं पुरी व्हायला तीन महिने कमी पडत होते. म्हणजे अख्खं वर्ष घरी, आणि आई कामावर.

बाईंनी पोराकडे बघितलं. पोरगं शाईच्या बाटलीतल्या फुलाकडे बघत होतं. त्यांनी ते त्याच्या हातात दिलं आणि रजिस्टरमध्ये एक जून लिहिलं. "जा, आता कामाला जा," त्या आईला म्हणाल्या. मला त्या वेळी बाई फार मोठ्या मनाच्या वाटल्या. आजही वाटतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून कुणाचं मत बदलू नये.

दहा वर्षांनी संतोष दहावीला गणित आणि विज्ञानात गेला. विज्ञान म्हणजे मी. जूनमध्ये दाखल्याच्या खिडकीशी आला. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीला बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "कोणी नाही." बाई म्हणाल्या, "असं कसं? शाळेत सातला यायचास ना? कोणी तरी उठवत असेल. त्याला घेऊन ये." तो निघून गेला. तासाभराने परत आला, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीतून त्याने गजराचं घड्याळ काढलं, चावीचं, हिरव्या रंगाचं, आणि बाईंच्या टेबलावर ठेवलं.

"हे उठवतं."

आम्ही दोन-तीन शिक्षक तिथे होतो. सगळे हसलो. बाईही हसल्या, आणि मग एकदम थांबल्या. आई पाचला कामावर जाई, बाप त्याच्याही आधी. पोरगा खरं तेच सांगत होता. पण बाईंना इतक्या वर्षांची सवय. त्या म्हणाल्या, "हे राहू दे इथे. आईची सुट्टी रविवारी, तेव्हा शाळा बंद. सोमवारी तिला अर्धा दिवस रजा घ्यायला लाव आणि घेऊन ये. दाखला ने, घड्याळही ने." शाळेत वस्तू ठेवून घेतली की पोरं परत येतात, हा त्यांचा अनुभव होता.

संतोष आला नाही. दाखला लिहून तयार होता, वर्तणूक 'चांगली'. तो ड्रॉवरमध्ये पडून राहिला आणि घड्याळ टेबलावर. बाई रोज सकाळी त्याला चावी देत. का, ते मी विचारलं नाही.

वर्षभराने कुणी तरी सांगितलं की तो चंदनसारच्या पलीकडे एका प्लॉटवर बसतो. बाईंनी मला बरोबर घेतलं. ताडपत्रीखाली पाच-सहा जण होते. संतोष लगेच उठला. सगळ्यांनी सारखे पिवळे टी-शर्ट घातले होते. त्याने बाईंना आपली खुर्ची दिली, एकाला पिटाळून थंडा मागवला. माझ्याकडे त्याने फारसं बघितलं नाही.

"दाखला न्यायला का आला नाहीस?" बाईंनी विचारलं.

"येतो की बाई. सोमवारी येतो."

"इथे काय करतोस दिवसभर?"

"बसतो." मग जरा हसून म्हणाला, "बाई, शाळेत मला कधी खुर्ची मिळाली नव्हती. स्टूलच असायचं."

थंडा प्यायला आणि आम्ही निघालो. कोपऱ्यावर आल्यावर त्यांनी पर्स उघडून दाखवली. दाखला आत होता. "आणला होता हो," त्या म्हणाल्या. "पण आईशिवाय कसा द्यायचा?" मी म्हणालो, "बरोबर केलंत." तसं म्हणायला नको होतं, असं मला आता वाटतं.

त्यानंतर दोन वर्षांनी, ऑगस्टमध्ये, मंडळाची पोरं एका ट्रकमधून वालीवला गेली. कारखान्यामागे बाहेरून आलेल्या मजुरांच्या खोल्या होत्या. भाऊंचं भाषण आदल्या दिवशी झालं होतं. भाऊ ट्रकमध्ये नव्हते. लोखंडी सळ्या होत्या. एक मजूर मेला. नऊ पोरं पकडली गेली, त्यात संतोष. त्याचं म्हणणं, तो दारात उभा होता. बाकीच्यांचंही म्हणणं तेच होतं, आणि दार एकच होतं.

संतोषची आई शाळेत आली. बाईंच्या स्टुलावर बसली. म्हणाली, "तो मानूस आमच्याच कंपनीत हमाली करायचा. मला एकदा गोनी उचलून दिली होती." पुढे म्हणाली, "वकील म्हनतो, अठराच्या आतला असेल तर केस वेगळी चालते. सुधारगृहात ठेवतात, तीन वर्षांच्या वर नाही. शाळेचं रजिस्टर बघनार."

बाईंनी बोटांवर महिने मोजले. गौरीजेवणाच्या हिशेबाने त्या ऑगस्टात संतोष अठराला एक महिना कमी होता. रजिस्टरच्या हिशेबाने अठरा पुरे होऊन वर दोन महिने झाले होते. बाईंनी जनरल रजिस्टर काढलं. ते पान उघडून त्या किती तरी वेळ आपलंच अक्षर बघत बसल्या. निळी शाई, १ जून. टेबलावर घड्याळ चालत होतं. संतोषची आई गेल्यावर ऑफिसात आम्ही दोघंच उरलो होतो. सालाच्या एका आकड्यावर पेन फिरवलं असतं तर कुणाला कळलं असतं असं नाही. मीच खालच्या आवाजात तसं सुचवलं. बाई म्हणाल्या, "एकदा खोटं लिहून त्याचं भलं केलं, सर. आता दुसऱ्यांदा नको." रजिस्टर मिटलं.

कोर्टात त्या स्वतः रजिस्टर घेऊन गेल्या. मी सोबत होतो. त्या दिवशी टेबलावरच्या बाटलीत चाफ्याचं फूल नव्हतं. बाहेरच्या बाकावर मेलेल्या मजुराची बायको बसली होती, मांडीवर लहान मुलगी. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मला म्हणाल्या, "तिचा नवरा गेला. आणि मी इथे तीन महिने मोजायला आलेय. लाज वाटते हो." पण आत गेल्या.

"ही नोंद तुमच्या हातची?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"हो."

"खरी आहे?"

"नाही. मुलगा सप्टेंबरातला. आईने गौरीजेवणाचा दिवस सांगितला होता. मी प्रवेश मिळावा म्हणून एक जून लिहिलं." आणि पिशवीतून त्यांनी ते जुनं कॅलेंडर काढून पुढे धरलं. पान पिवळं पडलं होतं.

कॅलेंडर कुणी हातात घेतलं नाही. वकील म्हणाले, "म्हणजे तुम्ही शाळेच्या दप्तरात जाणूनबुजून खोटी नोंद केलीत?"

"केली."

"मग आज खरं बोलताय, यावर कोर्टाने का विश्वास ठेवावा?"

बाईंनी कॅलेंडर परत पिशवीत ठेवलं. वकिलांचं काही चुकलं नव्हतं, त्यांचं कामच ते. हाडांच्या तपासणीत अठरा ते वीस असं आलं होतं. कोर्टाने रजिस्टर धरलं. बाईंचं अक्षर खरं ठरलं, बाई खोट्या ठरल्या. परतीच्या रिक्षात त्या म्हणाल्या, "मी त्याला तीन महिने मोठा केला, सर." मला रडू आलं. त्या मात्र बाहेर बघत होत्या.

संतोषला सात वर्षं सक्तमजुरी झाली. बाईंना शाळेने मेमो दिला, चौकशी बसली, आणि पेन्शनचे कागद वर्षभर अडकले. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या जूनमध्ये एक बाई पोराला घेऊन ऑफिसात आली. कागद नव्हता. राऊतबाईंनी कॅलेंडर काढलं नाही. "जन्माचा दाखला आणा, मग बघू," एवढंच म्हणाल्या. ती बाई पोराला घेऊन परत गेली. राऊतबाईंनी खुर्ची सरळ केली आणि टेबलाकडे तोंड करून बसल्या. निरोपसमारंभाला त्यांना शाल-श्रीफळ दिलं. घरी जाताना त्यांनी ड्रॉवरमधला दाखला आणि टेबलावरचं घड्याळ पिशवीत टाकलं. नियमाने दाखला शाळेतच राहायला हवा होता. आम्ही कुणी हटकलं नाही.

त्यानंतर मी त्यांना एकदाच भेटलो. अर्नाळ्याला एका लग्नाला गेलो होतो, येताना आगाशीला उतरलो. वाडी निम्मी विकली होती. पलीकडे इमारतीचा पाया खणलेला. बाई ओट्यावर बसल्या होत्या, थकलेल्या, डोळ्यांना जाड भिंगं. मला नावाने ओळखलं. केळी खायला लावली. कोनाड्यात ते हिरवं घड्याळ चालू होतं.

मी बराच वेळ टाळलं, मग विचारलंच, "संतोष सुटला म्हणे."

"आला होता गेल्या महिन्यात." बाई म्हणाल्या. "आईला घेऊन आला. तिसरी फेरी."

"मग?"

"दाखला दिला. घडीवर फाटला होता, मागून कागद चिकटवून दिला. वर्तणूक वाचली त्याने. नीट खिशात ठेवला."

"आणि घड्याळ?"

बाईंनी कोनाड्याकडे बघितलं. पदराने भिंगं पुसली, परत लावली.

"घड्याळ पण देत होते मी. म्हणाला, ठेवा तुम्हालाच. आता मला पाचला आपोआप जाग येते, बाई. आत रोज उठवायचे ना."